शिवणींतील माया

(नभोवाणीवरून केलेलें भाषण)



शिंप्यांच्या बोलींत एक फार गोड शब्द आहे. तो शब्द म्हणजे ‘माया’. कपडा बेततांना अंगाच्या मापापेक्षां जें थोडें अधिक कापड शिवणीच्या आंतल्या बाजूस राखून ठेवावयाचें, त्यास माया म्हणतात. पोर वाढीला लागलें, बाळंतपणानंतर अंग भरलें, किंवा थोरल्या बहिणीचें पोलकें धाकटीला घालावयाचें झालें, तर तेवढी शिवण उसवून कपडा पुन्हां मापाचा करतां यावा, एवढ्यासाठीं ही तरतूद असते. बाहेरून ती दिसत नाहीं; विकत घेणाऱ्याला तिचा पत्ताहि नसतो. पण कपडा दोन वर्षें टिकणार कीं दहा वर्षें, हें पुष्कळदां त्या दीड इंचावर ठरतें.

आज घरीं आपण एक लहानसा प्रयोग करून पाहावा. अलीकडे बाजारांतून तयार आणलेला एखादा कपडा उलटा करावा आणि त्याची बाजूची शिवण पाहावी. टिपेच्या पलीकडे पाव इंच कापड असेल, आणि तेंहि यंत्रानें कातरून दोऱ्यानें गुंडाळून टाकलेलें असेल. नंतर आईचें किंवा आजीचें एखादें जुनें पोलकें पेटींतून काढावें. त्याच्या बगलेखालीं इंच-दीड इंच माया सांपडेल, आणि एकदां सोडून पुन्हां घातलेल्या जुन्या टिपांच्या खुणाहि दिसतील. या दोन शिवणींमध्यें जें अंतर आहे, त्याविषयींच मला आज बोलावयाचें आहे.

मी मुर्धा गांवीं बायकांच्या कपड्यांचा एक छोटा व्यवसाय चालवितें. चार शिवणयंत्रें, चार बायका आणि बेतण्याचें एक लांब मेज एवढाच त्याचा पसारा. आमच्या कपड्यांना आमच्या नांवाची लहानशी कापडी चिठ्ठी असते. अशा व्यवसायाला हल्लीं ‘टिकाऊ फॅशन’ असें म्हणण्याची रीत पडली आहे. हे शब्द प्रथम ऐकले तेव्हां मला थोडें हंसूं आलें; कारण फॅशन म्हणजे जी टिकत नाहीं ती, असेंच आम्ही लहानपणापासून ऐकत आलों. परंतु त्या हंसण्याच्या पोटीं एक खरा प्रश्न होता, आणि त्याचें उत्तर मिळण्यास मला बरींच वर्षें लागलीं. टिकावयाचें तें काय? कापड, कीं तें शिवणाऱ्या माणसाचें काम?

मुर्धा हें गांव भाईंदरच्या पश्चिमेस उत्तनकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. स्टेशन मागें टाकून निघालें, कीं मुर्धा, राई, मोर्वा अशीं गांवें एकामागून एक लागतात. भाताचीं खाचरें, मिठागरें आणि खाडी यांच्या आधारानें ही वस्ती पूर्वीं जगत असे. २८ फेब्रुवारी २००२ पासून हा भाग मिरा-भाईंदर महानगरपालिकेंत मोडतो, आणि इमारतींच्या रांगा गांवठाणाला येऊन भिडल्या आहेत. तरीहि गांवांतल्या वृद्ध आगरी बायकांच्या अंगावर अजून कासोट्याचें लुगडें दिसतें, आणि पुढें उत्तनच्या बाजूस ईस्ट इंडियन ख्रिस्ती घरांतून सणासमारंभाला चौकड्यांचें सुती लुगडें निघतें. शेतांत, पाण्यांत, चिखलांत उभें राहून काम करणाऱ्या बायकांनीं आपल्या सोयीनें घडविलेले हे पेहराव आहेत.

मी मात्र या गांवांत सून म्हणून आलें. माझें बालपण परळच्या चाळींत गेलें. वडील गिरणींत साचेवाले होते. १८ जानेवारी १९८२ रोजीं मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला आणि सुमारें अडीच लाख कामगार बाहेर पडले. हा संप रीतसर मागें असा कधीं घेतलाच गेला नाहीं; तो विरत गेला. त्याबरोबर आमच्या घराची चूलहि विझत आली, तेव्हां आईनें कोपऱ्यांतलें शिवणयंत्र पुढें ओढलें. एक माणूस बेतलेल्या परकरांचे गठ्ठे आणून टाकी आणि शिवून झालेले घेऊन जाई. मजुरी नगावर ठरलेली असे. तो माल कोणत्या दुकानीं जातो, काय भावानें विकला जातो, हें आईला कधीं कळलें नाहीं. श्रावणापासून दिवाळीपर्यंत तिला रात्रीची झोंप नसे. आणि दिवाळी सरली, कीं गठ्ठे येणें एकाएकीं थांबे. मग दोन महिने वाण्याच्या वहींत आमचें नांव वाढत जाई. त्या माणसानें आईला कधीं फसविलें नाहीं. ठरलेला पैसा तो चोख देई. फक्त काम नसेल तेव्हां पैसाहि नसे. ही गोष्ट आपण ध्यानांत ठेवावी. कारण पुढें तिचाच उलगडा करावयाचा आहे.

२०१६ सालीं मीं सासरच्या पडवींत दोन यंत्रें मांडलीं, तेव्हां मनाशीं निश्चय एवढाच होता, कीं कापड सुती आणि हातमागाचें घ्यावयाचें, शिवण पक्की घालावयाची, आणि शिवणाऱ्या बाईला तासावर चांगली मजुरी द्यावयाची. हेतु चांगला असला म्हणजे व्यवहार आपोआप जमतो, अशी माझी समजूत होती. पहिल्या वर्षांतच ती दोन वेळां खोटी ठरली.

पहिली चूक कापडाची. हातमागाचें सुती कापड पहिल्या धुण्यांत आटतें. तें रात्रभर पाण्यांत भिजवून, सावलींत वाळवून मगच बेतावयाचें, हें जुन्या शिंप्याला सांगावें लागत नाहीं. मला तें ठाऊक होतें, पण घाईंत मीं तें टाळलें. पहिले चाळीस कुडते गिऱ्हाइकांच्या घरीं पहिल्या धुण्यांतच दोन दोन बोटें आंखडले, आणि त्यांतले बरेचसे परत आले. दुसरी चूक सांठ्याची. एका रंगाची लाट आली आहे असें ऐकून मीं त्या रंगाचे दोनशें कपडे आगाऊ शिवून ठेवले. लाट ओसरली आणि माझें कपाट भरलेलें राहिलें. तेव्हांपासून आम्ही प्रत्येक नमुन्याचा एकच कपडा करून ठेवतों, गिऱ्हाइकाचें माप घेतों, आणि मागणी आल्यावर शिवतों. गिऱ्हाइकाला दहा-बारा दिवस थांबावें लागतें. पण लहान धंद्याला मोठ्या धंद्यावर मात करण्याजोगी ही एकच गोष्ट आहे. जें कोणी मागितलें नाहीं, तें त्यानें शिवूं नये.

आतां ‘स्थानिक’ या शब्दाविषयीं दोन शब्द सांगितले पाहिजेत, कारण या शब्दाच्या आडून पुष्कळ लबाडी चालते. मुर्धा गांवांत माग नाहीं. आमच्या कुडत्याचा कापूस दुसऱ्या मुलुखांतल्या शेतांत पिकतो, सूत गिरणींत निघतें, आणि कापड विणकरांच्या सहकारी संस्थेकडून येतें. येथें होतें तें बेतणें, शिवणें, काजें करणें आणि इस्त्री. म्हणून आमच्या चिठ्ठीवर ‘मुर्धा येथें शिवलेलें’ एवढेंच लिहिलेलें असतें. सगळें काम गांवांतच झालें असें भासविणें हेंहि एक प्रकारें वजनांत मारणेंच होय. त्याचप्रमाणें निव्वळ सुती म्हटल्यानें सर्व पापें धुतलीं जात नाहींत. कापसाच्या पिकाला पाणी पुष्कळ लागतें; एका साध्या सदऱ्याच्या कापसामागें सुमारें २,७०० लिटर पाणी खर्चीं पडतें, असा एक अंदाज नेहमीं सांगितला जातो. दुसरीकडे पॉलिएस्टरचा धागा खनिज तेलापासून निघतो आणि प्रत्येक धुण्यांत त्याचे बारीक तंतु पाण्याबरोबर वाहून जातात. खाडीकांठीं राहणाऱ्यांनीं त्याचा विचार करावयासच हवा. तेव्हां निर्दोष कापड असें कोणतेंच नाहीं. जें कापड एकदां विणलें गेलें, तें शक्य तितकीं अधिक वर्षें अंगावर राहील असें करणें, हाच त्यांतल्या त्यांत खरा उपाय.

या बाबतींत आपल्या शेजारच्या गोव्याचें एक उदाहरण मला नेहमीं आठवतें. वेंडेल रॉड्रिक्स यांचा जन्म १९६० सालीं मुंबईस झाला. वेषरचनाकार म्हणून नांव मिळत असतां त्यांनीं आपलें बिऱ्हाड बार्देशांतील कोलवाळ गांवीं नेलें आणि तेथून काम केलें. गोव्याच्या उकाड्याला मानवतील असे सैल, साधे, हलके कपडे ही त्यांची ओळख झाली. पुढें त्यांनीं गोव्याच्या पेहरावाचा इतिहास अभ्यासिला. ‘मोडा गोवा’ हा त्यांचा ग्रंथ २०१२ सालीं निघाला. शेतांत राबणाऱ्या कुणबी बायकांचें तांबड्या-पांढऱ्या चौकड्यांचें आंखूड लुगडें वापरांतून जवळजवळ गेलें होतें. तें पुन्हां विणवून घेऊन २०१० च्या सुमारास त्यांनीं जाणत्या लोकांपुढें मांडलें. २०१४ सालीं त्यांना पद्मश्री मिळाली आणि १२ फेब्रुवारी २०२० रोजीं ते वारले. त्यांच्या कामांतून मीं एक धडा घेतला. नवीन काय करावें, याचें उत्तर पॅरिसहून येईपर्यंत थांबण्याचें कारण नाहीं. आपल्या गांवांतली म्हातारी शेतावर काय नेसून जाते, तें आधीं नीट पाहावें. आमच्या कुडत्याचा घेर आणि बाहीची लांबी मीं मुर्ध्याच्या बायकांकडे पाहूनच ठरविली आहे. भांडीं घासतांना बाही ओली होऊं नये, आणि बसतां-उठतांना घोळ पायांत येऊं नये.

आतां व्यवहाराकडे वळूं. आमचा साधा कुडता बाराशें रुपयांना जाई. बारा शेंकडे ऐकून भुवया उंचावतात, हें मला ठाऊक आहे; म्हणून हिशोबच सांगतें. अडीच मीटर कापडाचे साडेपांचशें. दोरा व गुंड्या तीस. तीन तासांची शिलाई, तासास शंभर रुपयांप्रमाणें, तीनशें. धुणें आणि इस्त्री चाळीस. वीज, जागा, यंत्रांची दुरुस्ती यांचे ऐशीं. बिघडलेल्या व परत आलेल्या मालापोटीं साठ. राहिले एकशें चाळीस, ते माझे. वर्षभराच्या विक्रीवर ते महिन्यास सरासरी सतरा हजारांच्या आसपास पडतात. या हिशोबांत कोठें काटछांट होऊं शकते, तें आपणच पाहावें. कापड विणकराकडून याहून स्वस्त मागावयाचें, तर त्याच्या पोटाला चिमटा बसतो. सर्वांत सोपें म्हणजे शिलाई कमी देणें. बाजारांत तीनशें रुपयांना कुडता मिळतो तो कांहीं जादूनें मिळत नाहीं. उरलेली किंमत दुसरें कोणीतरी भरीत असतें.

ती किंमत केव्हां केव्हां फार भयंकर असते. २४ एप्रिल २०१३ रोजीं बांगलादेशांत ढाक्याजवळ राणा प्लाझा नांवाची इमारत कोसळली. तींत परदेशांत जाणारे कपडे शिवण्याचे कारखाने होते. आदल्या दिवशीं भिंतींना तडे गेलेले सर्वांनीं पाहिले होते. तरी दुसऱ्या दिवशीं कामगारांना आंत बोलावण्यांत आलें. अकराशेंहून अधिक माणसें मेलीं. त्यांत बहुतेक शिवणकाम करणाऱ्या तरुण मुली होत्या. मुदत टळूं नये आणि नग कमी पडूं नयेत, एवढ्यासाठीं हें घडलें. शिवण कापतां कापतां शेवटीं भिंतींतली मायाहि कापली जाते ती अशी.

हें सर्व मी लोकांना मोठ्या आढ्यतेनें सांगत असें. माझा धंदा निराळा, माझे हात स्वच्छ, अशी माझी खात्री होती. ती एका जून महिन्यांत मोडली.

पावसाळ्यांत आमचें काम नेहमींच मंदावतें. बऱ्या महिन्यांत दीडशें कुडते जातात, तर पावसाचे चार महिने सत्तरांवर येतात. अशा दिवसांत एक व्यापारी आला. त्याला तीन आठवड्यांत सहाशें कुडते हवे होते. कापड तो देणार, आणि शिलाई नगास साठ रुपये. जातां जातां तो असेंहि म्हणाला, कीं शिवणींतली माया काढून टाका, म्हणजे कापड वांचेल आणि कामहि लवकर होईल. मीं हिशोब केला. आम्हीं चौघींनीं दिवसाला आठ कुडते शिवले, आणि एकहि सुटी न घेतली, तरी एकवीस दिवसांत एकशें अडुसष्ट. उरलेले चारशें बत्तीस घरोघर वांटावे लागणार. म्हणजे माझ्या आईकडे गठ्ठे टाकणारा माणूस आतां मी होणार. माया काढून आणि काजें यंत्रावर करून वेळ निम्म्यावर आणला, तरी तासाला चाळीस रुपये पडत होते. मीं नकार देण्याचें ठरविलें, आणि तें ठरवितांना मला स्वतःचा थोडा अभिमानहि वाटला.

आमच्यांत एक वडीलधाऱ्या काकी आहेत. त्यांनीं यंत्रावरून मान वर न करतां विचारलें, “बाय, नाहीं म्हणायला तुला परवडतं. या महिन्यांत तूं मला अकरा दिवस बोलावलंस. पांच तारखेला वाणी दारांत येईल, त्याला काय सांगूं? आमच्या कपड्यांत माया फार असते, असं सांगूं?”

मला उत्तर देतां आलें नाहीं. रात्रीं मीं वही उघडली. तासास शंभर रुपये, ही आमची चांगली मजुरी खरी. पण जेव्हां काम असेल तेव्हांची. मंदीच्या चार महिन्यांत माझ्या घरांत यजमानांचा पगार येत होता. काकींच्या घरांत कांहीं येत नव्हतें. धंद्यांतली सारी ओढाताण मीं त्यांच्या अंगावर टाकली होती, आणि चांगला भाव देतें म्हणून स्वतःची पाठ थोपटून घेतली होती. आईला नगावर राबविणारा तो माणूस आणि काकींना तासावर बोलावणारी मी, यांच्यांत दराचा फरक होता, रीतीचा नव्हता. आमच्या कुडत्यांत माया होती, व्यवहारांत नव्हती.

हा पेंच नवा नाहीं, हें मला पुढें वाचनांत आढळलें. खादीच्या कामासाठीं १९२५ सालीं अखिल भारत चरखा संघ स्थापन झाला. खादी स्वस्त राहावी म्हणून सूत कांतणाऱ्या बायकांना जी मजुरी मिळे, ती इतकी तुटपुंजी होती, कीं तिच्यांत पोट भरणें अशक्य. शेवटीं गांधीजींच्या आग्रहावरून १९३५ सालीं संघानें ठरविलें, कीं कांतणारीला निर्वाहापुरती मजुरी मिळालीच पाहिजे, मग खादीची किंमत वाढली तरी चालेल. किंमत वाढली तर खप घटेल, ही भीति कार्यकर्त्यांना वाटत होती आणि ती अवास्तव नव्हती. तरीहि निर्णय झाला, कारण गरिबासाठीं म्हणून काढलेला धंदा गरिबाच्या उपासावर चालवितां येत नाहीं. नव्वद वर्षांपूर्वींचा तो वाद मुर्ध्याच्या पडवींत येऊन बसला होता.

आम्हीं जी तोड काढली ती अशी. चौघींपैकीं प्रत्येकीला दरमहा एकशें वीस तासांची मजुरी, म्हणजे बारा हजार रुपये, ठरलेली. काम असो वा नसो. कुडत्याची किंमत शंभर रुपयांनीं वाढवून तेराशें केली, आणि ते शंभर रुपये एका निराळ्या खात्यांत टाकावयाचे. काकींनींच त्याला ‘पावसाळी पेटी’ असें नांव दिलें. बऱ्या आठ महिन्यांत दीडशें कुडत्यांमागें महिन्यास पंधरा हजार, म्हणजे एकूण एक लाख वीस हजार त्या पेटींत पडावेत. आणि मंदीच्या चार महिन्यांत प्रत्येक वेळीं जे सत्तावीस हजार कमी पडतात, त्यांचे एक लाख आठ हजार तिच्यांतून निघावेत. शिवाय पावसाळ्यांत आम्ही जुन्या कपड्यांचें काम घेऊं लागलों. शिवण सोडणें, बाही बदलणें, फाटलेलें रफू करणें, कात्रणांच्या गोधड्या शिवणें.

कागदावर हें सरळ दिसतें. प्रत्यक्षांत पहिलें वर्ष कठीण गेलें. शंभर रुपये वाढतांच कांहीं गिऱ्हाइकें तुटलीं आणि पेटी भरेना. ती माझ्या वांट्यांतून भरावी लागली. आमच्यांतली एक धाकटी याच सुमारास भाईंदर पूर्वेच्या एका कारखान्यांत गेली. तेथें पगार आमच्याहून अधिक होता. ती चुकली असें मी कधींहि म्हणणार नाहीं. तिच्या घरीं दोन मुलें शिकत होतीं. तिच्या जागीं दुसरी आली, तिला शिकवावें लागलें. पण पुढच्या वर्षापासून एक गोष्ट घडूं लागली, जी मीं हिशोबांत धरली नव्हती. ज्यांचे जुने कुडते आम्ही पावसाळ्यांत सैल करून किंवा दुरुस्त करून दिले, तींच घरें दिवाळीला नव्या मागण्या घेऊन आलीं. राखलेली माया फुकट जात नाहीं, ती वेळेवर उपयोगीं पडते, याचा अनुभव असा आला.

मार्च २०२० मध्यें टाळेबंदी आली तेव्हां या व्यवस्थेची खरी कसोटी लागली. त्याच दिवसांत परदेशांतल्या बड्या कपडेवाल्यांनीं बांगलादेशांतल्या कारखान्यांना दिलेल्या मागण्या धडाधड रद्द केल्या, आणि लाखों शिवणकामगार एकाएकीं उघडे पडले. आमची पेटी लहान होती. ती तीन महिने पुरली. त्या तीन महिन्यांत चौघींनीं आपापल्या घरीं बसून कात्रणांचे मुखपट्टे शिवले आणि गांवांत वांटले. तीन महिने ही कांहीं मोठी मजल नव्हे. परंतु त्या तीन महिन्यांत कोणाचेंहि नांव वाण्याच्या वहींत चढलें नाहीं, एवढें मी सांगूं शकतें.

असा व्यवसाय काढण्याचा ज्या भगिनींचा विचार असेल, त्यांनीं माझ्या चुकांवरून एवढें घ्यावें, कीं आधीं चार नमुने करावेत, चाळीस नव्हे. कापड भिजवून आटविल्याशिवाय त्यास कातर लावूं नये. उधारीवर माल दुकानांत ठेवूं नये. तो विकला गेला तरी पैसे येईपर्यंत शिवणारीचा महिना उलटतो. आणि किंमत ठरवितांना मंदीचे महिने पहिल्या दिवसापासून तिच्यांत धरावेत. मागाहून ते धरणें मला फार जड गेलें.

आतां आपणां सर्वांस माझी एक विनंति आहे. ती अधिक विकत घेण्याची नाहीं. कमी घेण्याची आहे. पूर्वीं बोहारीण दारावर येई, तेव्हां आई जुनें लुगडें तीन वेळां उलटसुलट करून पाही, आणि ज्यांत कांहींच जीव उरला नाहीं तेंच देऊन एखादें पातेलें घेई. आमचें भाईंदर तर स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यांसाठीं प्रसिद्ध. तेव्हां भांड्यांची वाण पडण्याचें कारण नाहीं. पण आज बोहारणीला जे कपडे मिळतात ते फाटलेले नसतात, नुसते कंटाळवाणे झालेले असतात. म्हणून कपडा घेतांना तो आधीं उलटा करून पाहावा. शिवणींत माया आहे काय, हें शिंप्याला विचारावें. मुलांचे कपडे असतील, तर माया हट्टानें मागून घ्यावी. आणि दिवाळीचे कपडे शिवावयाचे ठरलेच असतील, तर त्यांची मागणी आणि थोडी आगाऊ रक्कम आषाढांत द्यावी. आपल्याला पैसे तेवढेच पडतात, पण शिवणारीच्या घरीं पावसाळ्यांत चूल पेटते. एवढी गोष्ट करण्यास कोणतीहि संस्था किंवा कायदा लागत नाहीं.

माझी आई आतां थकली आहे. गेल्या पावसाळ्यांत ती आमच्या पडवींत येऊन बसली असतां काकींनीं तिच्या हातीं एक कुडता दिला. तिनें तो संवयीनें उलटा केला, बगलेखालची शिवण अंगठ्यानें चाचपली, आणि विचारलें, “पावसांत पण काम असतं का ग तुम्हांला?” काकी म्हणाल्या, “काम थोडं असतं. पण पगार पुरा असतो.” आई कांहीं वेळ बोलली नाहीं. मग कुडता पुन्हां सुलटा करून तिनें घडी घातली.